मजबुरी एकाची, जबाबदारी कोणाची?

बारावीचा निकाल लागतो, मुलाला किंवा मुलीला व्यावसायिक महाविद्यालयात प्रवेश मिळतो आणि अनेक मुस्लिम घरांत आनंदापाठोपाठ एक प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो : शुल्क कोठून आणायचे? बँकेचे शैक्षणिक कर्ज मिळू शकते, पण त्यावर व्याज असते. मग पालक आलिमांकडे जातात आणि विचारतात, "हे कर्ज घेणे जायज आहे का?"

वाचकहो, हा प्रश्न योग्य आहे, परंतु अपुरा आहे. आपण तो नेहमी सर्वांत दुर्बळ माणसापुढे ठेवतो. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्या ईमानाची परीक्षा घेतो. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला मात्र काहीच विचारीत नाही.

पवित्र कुरआनची मांडणी पाहा. सूरह अल-बकराच्या 275व्या आयतीत व्याज निषिद्ध ठरविले आहे. परंतु तिच्या आधीच्या 261 ते 274 या आयतींचा मुख्य विषय अल्लाहच्या मार्गात खर्च करणे हा आहे. त्यांपैकी 273व्या आयतीत अशा गरजूंचा उल्लेख येतो, जे स्वाभिमानामुळे कोणापुढे हात पसरत नाहीत आणि म्हणून अजाण माणसाला सधन वाटतात. पुढे 280व्या आयतीत अडचणीतील कर्जदाराला मुदत देण्याची शिकवण आहे आणि 282व्या आयतीत कर्ज लिहून ठेवण्याचा आदेश आहे. द्या, व्याज सोडा, सवलत द्या, हिशोब चोख ठेवा : या चारही गोष्टी एकाच साखळीतील कड्या आहेत. आपण त्यांतील एकच कडी उचलली आणि ती गरीब विद्यार्थ्याच्या गळ्यात अडकवली.

व्याजाची गंभीरता यामुळे तसूभरही कमी होत नाही. व्याज घेणारा, देणारा, त्याचा करार लिहिणारा आणि साक्षीदार अशा सर्वांचा निषेध करणारी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. व्यवहारातही व्याजाचा भार लहान नसतो. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षाच्या प्रारंभी 1 लाख रुपये कर्ज घेतले, दर 10 टक्के सरळ व्याजाचा आहे आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. पहिला हप्ता भरण्यापूर्वीच 4 लाखांवर 1 लाख 40 हजार रुपये व्याज चढलेले असते. नोकरी मिळो वा न मिळो, ते वाढतच राहते.

काही जण म्हणतील, की शरीअतने मजबुरीत सवलत दिली आहे. होय, दिली आहे. परंतु फिकहचा नियम असा, की सवलत गरजेपुरतीच असते आणि मजबुरी तेव्हाच सिद्ध होते, जेव्हा इतर दारे ठोठावून झालेली असतात. कोणाची मजबुरी कितपत खरी आहे, याचा निर्णय जाणकार आलिमांनी त्या त्या परिस्थितीनुसार द्यावा. येथे विचार करायचा आहे तो त्या इतर दारांचा. ती उघडी आहेत का? आणि बंद असतील तर ती कोणी बंद केली?

पहिले दार शासकीय योजनांचे. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून वार्षिक 8 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत मिळते. 2024-25 पासून इतर मागासवर्ग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण माफी आहे. बागवान, अत्तार, मोमीन अशा अनेक मुस्लिम जमाती राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. तरीही उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला वेळेत न काढल्यामुळे हक्काची मदत हातची जाते. ही मदत म्हणजे भीक नव्हे. ती न मागणे म्हणजे स्वाभिमानही नव्हे. तो बेसावधपणा आहे.

दुसरे दार जकातीचे. चार घरांची जकातपात्र रोकड, ठेवी आणि व्यापारी माल मिळून 40 लाख रुपये होत असेल, तर त्यावरील अडीच टक्के जकात 1 लाख रुपये होते. एका विद्यार्थ्याचे एका वर्षाचे शुल्क त्यातून भागू शकते. सूरह अत-तौबाच्या 60व्या आयतीत सांगितलेल्या आठ हक्कदारांत गरीब, गरजू आणि कर्जदार आहेत. विद्यार्थी त्यांपैकी असेल, तर त्याचा हक्क आहे. आपण मात्र ती रक्कम रमजानमध्ये सुट्या नोटांत वाटून टाकतो आणि कर्तव्य पार पडले असे मानतो.

तिसरे दार कर्जे-हसनाचे. जो जकातीस पात्र नाही, पण एकरकमी शुल्कही भरू शकत नाही, अशा मध्यमवर्गीय घरासाठी हेच खरे दार आहे. मोहल्ल्यातील दहा जणांनी प्रत्येकी 20 हजार रुपये दोन वर्षांसाठी बाजूला ठेवले, तर 2 लाख रुपये उभे राहतात. ती रक्कम परत येते आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे जाते.

चौथे दार वक्फचे. बंगालमधील हाजी मुहम्मद मोहसिन यांनी 1806 मध्ये आपली संपत्ती वक्फ केली. त्या निधीतून 1836 मध्ये हुगळीचे महाविद्यालय उभे राहिले आणि पुढे मुस्लिम विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. देणारा 1812 मध्ये जग सोडून गेला. त्याचे दान मात्र शिकवीत राहिले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यावरही जबाबदारी आहे. बिनव्याजी कर्ज म्हणजे विसरण्याजोगे कर्ज नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका कर्जदाराच्या जनाज्याची नमाज तोपर्यंत पढविली नाही, जोपर्यंत हजरत अबू कतादा (र.) यांनी त्याचे कर्ज स्वतःवर घेतले नाही. जो परतफेड टाळतो, तो आपल्यामागून येणाऱ्याचे दार बंद करतो.

याच घटनेत समाजासाठीही धडा आहे. कर्ज एकाचे होते, ते खांद्यावर दुसऱ्याने घेतले. तेथे कोणी मृताच्या चुकांची चर्चा करीत बसले नाही. एक माणूस पुढे आला आणि वाट मोकळी झाली.

म्हणून यापुढे एखादा बाप व्याजाच्या कर्जाविषयी विचारील, तेव्हा हुकूम सांगण्यापूर्वी आपण स्वतःला विचारू या : माझ्या जकातीच्या हिशोबात त्याचे मूल होते का? मी कर्जे-हसनासाठी काही बाजूला ठेवले होते का? उत्तर नकारार्थी असेल, तर त्याच्या मजबुरीत माझाही वाटा आहे आणि त्याबद्दल मलाही जाब द्यावा लागेल.

अल्लाह आपल्याला देण्याची आणि घेतलेले परत करण्याची तौफिक देवो. आमीन.