भूतयज्ञ आणि महामार्ग

दोन वर्षांपूर्वीच्या महाशिवरात्रीची गोष्ट. मार्कंड्याचे दर्शन आटोपून आम्ही चांद्याकडे परत निघालो होतो. रात्री नऊला कीर्तन ठेवलेले, आणि मूल सोडले तेव्हाच आठ वाजून गेले होते. गाडीवाला पोरगा सावकाश नेत होता, आम्हीच त्यास दोनदा म्हटले, "बाबा, जरा लवकर ने, मंडळी खोळंबली असतील." रस्ता रुंद, गुळगुळीत, दोहों बाजूंस रान. एका वळणावर चितळाची मादी उडी घेऊन पुढे आली. उतरून पाहतो तो प्राण गेलेला. पोरगा रडू लागला. बरोबरच्या मंडळींनी समजूत घातली, "चुकून झालं, पाप लागत नाही." आम्हीही तेच म्हटले. कीर्तन झाले. निरूपण काय केले ते मात्र आज आठवत नाही.

चुकून झाले म्हणजे काय झाले, हा प्रश्न तेव्हापासून आमची पाठ सोडीत नाही.

न कळत घडणाऱ्या हिंसेचा विचार शास्त्राने फार बारकाईने केला आहे. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने सांगितली आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. तेथे रोज जीव मरतात, कोणाच्या मनात नसताना मरतात. तरी शास्त्र "चुकून झाले, सोडून द्या" म्हणत नाही, आणि "चूल पेटवू नका" असेही म्हणत नाही. पंचमहायज्ञ करा म्हणते. त्यांतला एक भूतयज्ञ, म्हणजे इतर जीवांचा वाटा काढून ठेवणे. पाठशाळेत असताना आमच्या गुरुजींच्या घरी हा वाटा निघाल्याशिवाय पान वाढले जात नसे. भुकेल्या पोरांना त्याचा राग येई, हेही खरे. पण वाटा अगोदर निघे. जेवण झाल्यावर उरलेसुरले टाकणे म्हणजे भूतयज्ञ नव्हे.

रस्ता ही आता मुलखाची चूलच झाली आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागड वर्षानुवर्षे जगापासून तुटत आले आहे. तेथल्या माणसांना "रस्ता नको, रान राहू द्या" असे सांगणाऱ्याने आधी एक पावसाळा तेथे काढून पाहावा. वाघाने माणूस नेलेले घरही आम्ही चांदा जिल्ह्यात पाहिले आहे. त्या ओसरीवर बसून भूतदयेवर बोलवत नाही. तेव्हा रस्ता हवा की नको, हा आमचा प्रश्न नाही. पान वाढण्यापूर्वी वाटा निघाला काय, एवढेच आम्ही विचारतो.

महाभारताच्या वनपर्वात एक लहानशी कथा आहे. कीर्तनात ती फारशी कोणी घेत नाही. पांडव द्वैतवनात राहत असता एके रात्री धर्मराजाच्या स्वप्नात हरणे आली. थरथरत, डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली की तुमच्या शूर भावांनी आमची कुळे संपवीत आणली. आता आम्ही बियाण्यापुरती उरलो आहोत. तुम्ही मुक्काम हलवा, म्हणजे आम्ही पुन्हा वाढू. धर्मराज सकाळी उठला, भावांना सांगितले, आणि सारे काम्यकवनात गेले. शिकार हा क्षत्रियाचा धर्म, असा वाद त्याने घातला नाही. बियाणे संपते आहे, एवढे कळणे त्यास पुरले.

आमच्या गाडीखाली गेली ती मादी गेलीच. पण चितळे ताडोब्याच्या रानात पुष्कळ आहेत. गडचिरोलीच्या दक्षिणेस कोलामार्काच्या रानात रानम्हशी उरल्या आहेत, त्या मात्र फार थोड्या. तेथे एक जीव गेला म्हणजे बियाण्यातला दाणा गेला. २०१८ च्या नोव्हेंबरात चांद्याजवळ जुनोन्याच्या रानात गोंदियाच्या रेल्वेमार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली मेले. गाडी हाकणाऱ्याने मुद्दाम केले काय? मुळीच नाही. पण तेथे वाघ आहेत, हे काय कोणाला ठाऊक नव्हते?

वाघाचा बच्चा मोठा झाला की त्यास आईचे रान सोडून दुसरे शोधावेच लागते. २०२४ च्या अखेरीस यवतमाळकडील टिपेश्वराचा एक वाघ असा चालत चालत बार्शीच्या बाजूस पोहोचला. पंढरी तेथून किती लांब! चालणाऱ्याची वाट तुटली म्हणजे काय होते, हे वारकऱ्यास निराळे सांगावयास नको. पालखीमार्ग रुंद करावयाचे ठरले तेव्हा पायी चालणाऱ्यांसाठी कडेने निराळी वाट आराखड्यातच धरली गेली. २०२१ साली कोनशिला बसली. आपण मागणारे होतो, म्हणून धरली. रानातल्या जीवाने कोणाच्या स्वप्नात जावे?

एका गावी हेच बोललो तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "वाघाले पूल का समजते, महाराज?" प्रश्न रास्त होता. त्याला पेंचची हकीकत सांगितली. नागपूरच्या उत्तरेस पेंचच्या रानातून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग चौपदरी करताना वाद न्यायालयापर्यंत गेला. शेवटी नऊ ठिकाणी रस्ताच खांबांवर उचलला आणि खालची वाट जनावरांस मोकळी ठेवली. त्यांतली सर्वांत लांब ७५० मीटर आहे. २०१९ साली मार्च ते डिसेंबर कॅमेरे लावून पाहिले, तो अठरा जातींची जनावरे खालून जाताना दिसली, आणि त्यांत अकरा वाघ. म्हातारा हसला. म्हणाला, "मंग मानसापेक्षा लवकर समजलं म्हना."

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१६ साली अशा कामांसाठी मार्गदर्शिकाही केली. आधी रान टाळता येते काय ते पाहावे. न टळले तर जनावरांची वाट कोठून आहे ते शोधून तेथे रस्ता उचलावा. हे काम कागदावर रेघ ओढतानाच होते. डांबर पडल्यावर पाटी लागते, 'सावकाश चला'. आणि पाटी किती वाचली जाते, हे आम्ही स्वतःवरून सांगतो. नागपूर-चंद्रपूर आणि भंडारा-गडचिरोली असे द्रुतगती मार्ग आता सरकारच्या योजनेत आहेत. जनसुनावणीचे बोलावणे येते तेव्हा आपल्या गावातली मंडळी मोबदल्याचे बोलतात, तेही बोलावेच. घामाची जमीन आहे. त्याच बैठकीत एखाद्या माळकऱ्याने उठून विचारावे, की या रेघेत रानाचा वाटा कोठे काढला आहे?

मार्कंड्याहून आता आम्ही दुपारीच परत निघतो. यात्रेची गर्दी लागली आणि रात्र होणार असे दिसले, तर तेथेच मुक्काम करतो आणि चांद्याला निरोप धाडतो. यजमान रागावतात. परवा एकाने बिदागीही कापली.