गोधडीचा वारसा आणि कात्री

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, विशेषतः मालवणच्या आसपास, कर्ती माणसे चाकरीनिमित्त मुंबईला गेल्यामुळे जी घरे गणेशचतुर्थीपर्यंत कुलूपबंद राहतात, त्यांतील पेटाऱ्यांत आजीच्या हातच्या गोधड्या आजही सापडतात. जीर्ण लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने, म्हणजे कापडाच्या वर-खाली सरळ धावणाऱ्या साध्या टाक्याने, कडेपासून मध्याकडे चौकोनी फेऱ्या घालत शिवले की गोधडी होते. अशा एका गोधडीचे पुढे काय करावे, याविषयी आत्या आणि भाची यांच्यात कल्पिलेला हा संवाद आहे.

आत्याचा पक्ष जतनाचा आहे. "या टाक्यांत आईचा हात आहे, आणि एकदा कात्री लागली की तो पुन्हा जुळणार नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती वस्तूंना जो मान मिळतो, तो घरच्या पेटाऱ्यात का मिळू नये?"

"आत्या, संग्रहालयात वस्तूंची निगा राखणारी माणसे असतात. येथे वर्षाला 3,000 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, सुती कापड हवेतील ओल धरून ठेवते, आणि बंद घरात उरते ते बुरशीचे आणि कसरीचेच होते. जिला कोणी पांघरत नाही आणि उन्हातही घालत नाही, ती गोधडी जपली असे कसे म्हणावे?"

आत्या पेटाऱ्याचा आग्रह सोडते, पण कात्रीला होकार देत नाही, आणि खरा पेच येथूनच सुरू होतो. वस्तुजतनाच्या शास्त्रात प्रत्यावर्तनीयतेचे तत्त्व मानतात. केलेला बदल मूळ वस्तूला इजा न होता काढून टाकता यावा, असा त्याचा अर्थ. आत्या त्याचाच आधार घेते: "नवे अस्तर लावले तर ते उसवता येते, पिशवीसाठी कापलेला तुकडा मात्र परत येत नाही."

"हा नियम आजीने पाळला असता, तर नऊवारी लुगडे फाडायला तिचा हात धजलाच नसता, आणि गोधडीही झाली नसती."

हा आक्षेप बिनतोड वाटला तरी अर्धाच खरा आहे, कारण लुगडे नेसण्याजोगे राहिले नाही तेव्हाच ते गोधडीत गेले. म्हणून प्रश्न कात्रीचा नसून, गोधडीचे पांघरुणाचे काम संपले आहे काय, हा आहे. त्याची कसोटी हातानेच घेता येते: बोटांनी हलकेच ताणल्यावर कापड जेथे टाका धरून राहते तेथे ते शाबूत असते, आणि जेथे टाक्याच्या भोकापाशी विरते, बहुधा कडेला आणि घडीच्या रेषांवर, तेथे त्याचे दिवस भरलेले असतात.

ही कसोटी दोघींनाही पटते: धड मध्यभागाचे बाळासाठी दुपटे करावे, आणि विरलेले कापड नव्या गोधडीच्या पोटात थर म्हणून घालावे. आत्याची अट एकच आहे: "मशीनची दाट टीप जुने सूत कापते, तेव्हा हे शिंप्याकडे द्यायचे नाही. चतुर्थीला आलीस की आणखी चार दिवस राहा आणि धावदोरा शिकून घे."