धीट, घाबरट आणि नॉर्मल

बाळ झाल्याचा फोन आला की पहिला प्रश्न 'काय झालं?' आणि लगेच दुसरा 'नॉर्मल की सिझर?' पहिल्याच्या उत्तरावर अभिनंदन होतं, दुसऱ्याच्या उत्तरावर बाळंतिणीच्या स्वभावाचा निकाल लागतो. नॉर्मल असेल तर 'धीराची आहे हो पोर'. सिझर असेल तर 'हल्लीच्या मुलींना सोसतच नाही'. बाळाचे ठोके कमी झाले होते, पाणी कमी होतं, असं कितीही सांगितलं तरी समोरची व्यक्ती 'हो का' म्हणते आणि आपलं मत जागचं हलू देत नाही.

या मताला मानसशास्त्राचा आधार आहे का? थोडासा आहे. माणसाच्या स्वभावाचे पाच मोठे घटक मानण्याची पद्धत मानसशास्त्रात रुळली आहे. त्यातला एक म्हणजे चटकन अस्वस्थ होण्याची, काळजी करत राहण्याची प्रवृत्ती. ही प्रवृत्ती ज्यांच्यात जास्त, त्यांना बाळंतपणाची भीतीही जास्त वाटते. आणि भीती जास्त असली की 'मला सिझरच हवं' ही मागणीही जास्त येते. स्वीडन आणि फिनलंडमध्ये यावर बराच अभ्यास झाला आहे. स्वीडनमध्ये तर बाळंतपणाला घाबरणाऱ्या बायकांसाठी रुग्णालयांत वेगळी पथकं आहेत. ब्रिटनमधल्या दोन मनोविकारतज्ज्ञांनी २००० साली या तीव्र भीतीवर लेख लिहिला आणि 'टोकोफोबिया' हे नाव रूढ झालं. त्यांनी तिचे दोन प्रमुख प्रकार सांगितले होते. एक, गरोदर राहण्याआधीपासूनच, कधीकधी किशोरवयापासून असलेली भीती. दुसरी, आधीच्या भयंकर बाळंतपणानंतर बसलेली.

हा दुसरा प्रकार स्वभावाच्या हिशेबात कसा धरायचा? पहिल्या खेपेला जिला रात्रभर टेबलावर एकटीला ठेवलं, आरडाओरडा केला म्हणून जी बोलणी खाऊन आली, ती दुसऱ्या वेळी सिझर मागत असेल तर तिला भित्री म्हणायचं की अनुभवी?

शिवाय भीती ही एकच गोष्ट नाही. काही बायकांना सगळं आपल्या हातात असलेलं आवडतं. यादी करायची, बॅग महिनाभर आधी भरायची, कुठल्या खोलीत कोण असेल ते ठरवायचं. अशी एखादी बाई तारीख-वार ठरवून सिझर करून घेते, कारण अर्ध्या रात्री कळा सुरू होणं तिच्या नियोजनात बसत नाही. आणि तंतोतंत त्याच स्वभावाची दुसरी बाई इस्पितळाचा उंबरठाही नको म्हणते. कारण तिथे गेल्यावर कधी झोपायचं, कधी जोर लावायचा हे दुसरा कोणीतरी सांगणार. स्वभाव एक, निवडी मात्र दोन टोकांच्या. प्रश्नावलीत दोघींना सारखेच गुण मिळतील.

निवडीवर परिस्थितीचा पगडा किती असतो ते नेदरलँड्समध्ये पाहावं. तिथे निरोगी गरोदर बाईची जबाबदारी प्रशिक्षित सुईणीकडे असते आणि घरी बाळंत होणं ही सर्वमान्य गोष्ट आहे. १९६०च्या दशकात तिथली बहुसंख्य बाळंतपणं घरी होत, १९९०च्या दशकात साधारण एक तृतीयांश, आता त्याहून कितीतरी कमी. दोन पिढ्यांत डच बायकांचा स्वभाव पालटला असं कोणी म्हणणार नाही. पालटल्या त्या सोयी, नियम आणि आजूबाजूच्या बायका काय करतात ते.

ब्राझीलमधल्या एका अभ्यासानं तर हा प्रश्न अगदी टोकाला नेला. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो प्रसिद्ध झाला. सरकारी आणि खासगी, दोन्हीकडच्या गरोदर बायकांना आधीच विचारलं होतं, 'तुम्हाला कसं बाळंतपण हवं?' दोन्हीकडच्या ७० ते ८० टक्के बायकांनी नैसर्गिक म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात सरकारी रुग्णालयांत ३१ टक्के सिझर झाली आणि खासगीत ७२ टक्के. इच्छा जवळपास सारखी, शेवट असा वेगळा. मग बाईची निवड म्हणून ज्याचा अभ्यास करायचा, ती नेमकी कोणाची निवड?

आपल्याकडचे आकडेही हेच बोलतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशभर सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, खासगीत ४७.४ टक्के. महाराष्ट्रात एकूण २५.४, गोव्यात ३९.५, तेलंगणात ६०.७, नागालँडमध्ये ५.२. तेलंगणातल्या बायका नागालँडमधल्या बायकांपेक्षा जवळजवळ बारापट भित्र्या आहेत, असं म्हणणाऱ्याला आपण हसू. मग आपल्या पुतणीबद्दल किंवा भाचीबद्दल तेच म्हणताना का हसू येत नाही? आणि नागालँडचा आकडा शौर्याचा आहे असंही कोणी समजू नये. तिथे निम्म्याहून अधिक बाळंतपणं दवाखान्याबाहेर होतात. जिला शस्त्रक्रियेची खरोखर गरज आहे तिलाही ती न मिळण्याचा धोका या आकड्यात दडलेला आहे.

डॉक्टरांना शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण एकट्यानं नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टरबाईंचा दिवस पाहिला की शिव्या जरा मवाळ होतात. सकाळची ओपीडी, दुपारी दोन शस्त्रक्रिया, भूल देणारे डॉक्टर तीन दवाखान्यांत विभागलेले. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालतात, कधी त्याहूनही जास्त. शेवटच्या तासात काही बिघडलं तर नातेवाईक काचा फोडायला तयार. अशात 'थांबू या' म्हणायला डॉक्टरकडेही एक स्वभाव लागतो. अनिश्चितता सहन करण्याची डॉक्टरची ताकद, खटल्याची धास्ती, मागच्या महिन्यात आलेला एखादा वाईट अनुभव, हे सगळं बाळंतपणाच्या टेबलाशी हजर असतं. भित्रेपणा मोजायचाच असेल तर खोलीतल्या सगळ्यांचा मोजावा. मुहूर्ताची चिठ्ठी घेऊन आलेल्या आजोबांचाही.

माझं मत असं, की आपल्या घरांत बाळंतपणाचा निर्णय ज्या गुणामुळे सर्वांत जास्त हलतो तो भित्रेपणा नव्हे. तो आहे ऐकून घेण्याचा गुण. त्या पाच घटकांत यालाही जागा आहे: दुसऱ्याशी जुळवून घेणं, विरोध टाळणं. 'तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर.' 'आई म्हणतात तर तसंच करू.' पहिलं बाळंतपण माहेरी की सासरी, सरकारी की खासगी, कळांसाठी थांबायचं की नाही, पाठीत इंजेक्शन घेऊन कळा कमी करायच्या की 'आम्ही नाही का सोसल्या' ऐकून गप्प राहायचं, या प्रत्येक ठिकाणी हा गुण उपयोगी पडतो. उपयोगी, म्हणजे इतरांना. पण हा जन्मजात स्वभाव मानायला मी तयार नाही. पंचवीस वर्षं ज्या मुलीला 'शहाणी' म्हणून शाबासकी मिळाली ती गप्प बसण्यासाठीच, तिला नवव्या महिन्यात 'तुला काय हवं?' विचारलं तर तिच्याकडे शब्द कुठून येणार? संमतिपत्राचंच घ्या. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची स्वतःची सही कायद्याला पुरते, तरी तो कागद सवयीनं आधी नवऱ्यासमोर सरकवला जातो. तीही हात पुढे करत नाही.

समोर कोण आहे यावर बाईचा स्वभाव बदलतो, हे आनंदीबाई जोशींना नीट ठाऊक होतं. चौदाव्या वर्षी आई झालेल्या आणि दहा दिवसांत मूल गमावलेल्या आनंदीबाईंनी १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे असं भर सभेत मांडलं. बायका लाजतात, पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत, म्हणून त्यांना बोलतं करत बसण्यापेक्षा ऐकणारी बदला, असा त्यामागचा रोख. १८८६ साली पेनसिल्व्हेनियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधाचा विषयही हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हाच निवडला होता.

कॅनडातल्या एलन हॉडनेट यांनी २००२ साली बाळंतपणाच्या समाधानाविषयीच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. बाईला अनुभव बरा वाटला की वाईट, हे प्रामुख्यानं चार गोष्टींवर ठरतं असं त्यांना दिसलं: तिच्या अपेक्षा, मिळालेला आधार, काळजी घेणाऱ्यांशी जुळलेलं नातं आणि निर्णयातला तिचा सहभाग. वेदना किती झाल्या हे त्यामानानं मागे पडतं. सोबतीचं महत्त्व आपल्या सरकारलाही पटलं आहे. बाळंतपणाच्या खोलीत नात्यातली एक बाई असू द्यावी असं धोरण आहे. कागदावर.

फिनलंडमध्ये भीतीपोटी सिझर मागणाऱ्या बायकांशी सविस्तर बोलणं, माहिती देणं, समुपदेशन असं केलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणींनी आपणहून मागणी मागे घेतली. ज्यांनी घेतली नाही त्यांचं काय? ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०११च्या मार्गदर्शनात याचं सरळ उत्तर दिलं: आधी बोला, मदत द्या, आणि त्यानंतरही ती सिझरच म्हणत असेल तर ते करा. म्हणजे घाबरटपणा सिद्ध करण्याची वा लपवण्याची गरजच उरत नाही.

आपल्या ओपीडीत हे करायचं तर सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न मात्र पैशांचा कमी आणि खुर्च्यांचा जास्त आहे. तपासणीच्या खोलीत गरोदर बाईशेजारी बहुतेक वेळा आणखी एक खुर्ची असते आणि ती रिकामी नसते. डॉक्टर विचारतात, 'काही त्रास, काही भीती?' सुनेनं मान वर करण्याआधी सासूबाई सांगून टाकतात, 'नाही हो, आमची धीट आहे.'