नकाशावरचे पडीत

सौर विद्युत प्रकल्पासाठी जागा शोधण्याचे काम आता बहुतांशी संगणकावर होते. वर्षभर पडणारे ऊन, जमिनीचा उतार, रस्ते, वीज उपकेंद्रे, नद्या, वने या प्रत्येकाचा एक थर करून ते एकावर एक ठेवले जातात. वने, वस्ती आणि जलाशय वगळायचे, उरलेल्या भूमीस गुण द्यायचे. अधिक गुणांची जागा ती योग्य. पांढुर्णा आणि सौंसर या आपल्या तहसिलींचा, म्हणजे २०२३ साली झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याचा, असा नकाशा काढला तर संत्र्याच्या बागा आणि कपाशीची काळी जमीन सुटेल व बोट बरडावर जाऊन टेकेल. ऊन भरपूर, उतार मंद, पीक नाही. नकाशा त्यास पडीत म्हणेल.

सूर्याच्या विजेस आमचा विरोध नाही. पेंच-कन्हानचा कोळसा जाळून मिळालेल्या उजेडात वाढलेल्यांनी तो करणे शोभणारही नाही. आमची शंका गुणांविषयी आहे. थॉमस साटी या गणितज्ञाने १९७०च्या दशकात मांडलेली एक पद्धत या कामी पुष्कळदा वापरतात. तीत दोन-दोन निकष समोरासमोर ठेवून, एक दुसऱ्याहून किती महत्त्वाचा, हे १ ते ९ या अंकांत सांगायचे असते. पुढचे गणित निर्दोष असते. पण उपकेंद्राचे सान्निध्य चराईहून किती मोठे, हा पहिला अंक कोणीतरी माणूसच लिहितो. आणि चराईचा थर मुळात केलाच नसेल, तर तो अंक लिहिण्याचीही वेळ येत नाही. पोळ्याला ज्यांची शिंगे रंगवून आपण ओवाळतो, ते गवळाऊ बैल पावसाळ्यात कोठे चरतात? मोहफुले, तेंदूपाने, बोरे, सरपण कोठून येते? भर वैशाखात टिपलेल्या चित्रात तो माळ उघडाबोडका दिसणारच.

येथे थोडे आपल्या घराकडेही पाहावे लागते. देवगडच्या गोंड राज्याचा हा मुलूख अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांच्यामागून आपल्यातील अनेकांचे पूर्वज येथे स्थिरावले. १८५४मध्ये नागपूर इंग्रजांनी खालसा केले. पुढच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. त्या वेळच्या नकाशांतही पडीत होतेच. त्या पडिताचा वापर करणाऱ्या गोंडांना ते पडीत वाटत होते काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मालगुजारी १९५१ साली गेली, शब्द राहिला. आज एखाद्या कंपनीने आपल्याच बरडाचे भाडे देऊ केले तर आपल्याला आनंद होईल, आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्याच्या नावे सातबारा किंवा खसरा नाही, त्याचे काय जाते हे त्या करारात येत नाही.

प्रश्न लहान नाही, कारण १ मेगावॅटला सुमारे ५ एकर जागा लागते. रिवा जिल्ह्यातील गुढ येथला ७५० मेगावॅटचा प्रकल्प १० जुलै २०२० रोजी राष्ट्रार्पण झाला. त्याची काही वीज दिल्लीच्या मेट्रोला जाते. जेथे वीज पोहोचते आणि जेथे जमीन गुंतते, ती ठिकाणे इतकी दूर असू शकतात. मग कमी गुणांची पण कोणाच्या पोटावर न येणारी जागा निवडून थोडा खर्च वाढला, तर तो कोणी सोसावा? आमच्या मते वीज घेणाऱ्याने.

यासाठी नवे यंत्र नको. १९५९च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेत गावोगावच्या निस्तार पत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची तरतूद आहे. चराई, सरपण, वाटा, पाणी यांवरील गावाचे हक्क आणि वहिवाट तेथे नोंदवायची असते. ही कागदपत्रे काढून, गुराख्यांना आणि मोळी आणणाऱ्या बायांना सोबत घेऊन तो माळ एकदा श्रावणात आणि एकदा वैशाखात चालून पाहावा, त्याचा थर करावा, आणि गुण देण्याचे काम त्यानंतर सुरू करावे.