डॅमेजचा शेरा

मुंबई-नाशिक महामार्गावरून मानकोली नाक्याला वळलं की थोड्या अंतरावर दापोडे लागतं. जिथे भाताची खाचरं होती तिथे आता गोदामांचे गाळे उभे आहेत आणि दिवसरात्र कंटेनर लागलेले असतात. अशाच एका गाळ्यात इनवर्ड, म्हणजे आत येणारा माल, सांभाळणाऱ्या, याच गावातल्या एका तरुणाची ही गोष्ट.

लग्नाआधी गावच्या रक्तदान शिबिरात त्याने रक्त दिलं होतं. रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासते. त्याला बोलावणं आलं आणि हातात कागद पडला: एचबीएसएजी पॉझिटिव्ह. म्हणजे हिपॅटायटिस बी, गावाकडच्या बोलीत पांढरी कावीळ. पुढच्या तपासण्या करून घ्या, घरच्यांच्याही करा, असं त्याला बजावून सांगितलं होतं. पण त्याला ना ताप होता ना थकवा. भूक चांगली, अंगात ताकद. लग्नाचं बोलणं चालू होतं. त्याने कागद कपाटात, जुन्या मार्कशीटच्या फायलीत सरकवला.

लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा हलला नाही. मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. सगळी बोटं सुनेकडे. सासूने तिच्यासाठी एकवीरेला नवस बोलला, वज्रेश्वरीला नेलं, कुणी सांगितलेला काढा पाजला. तिच्या सोनोग्राफ्या झाल्या, गर्भनलिका तपासून झाल्या. नवऱ्याचं वीर्य तपासा असं डॉक्टरांनी दोनदा लिहून दिलं, दोन्ही वेळा त्याला गाळ्यावर काम निघालं. जी तपासणी सगळ्यात सोपी, कमी खर्चाची आणि विनात्रासाची, ती आपल्या घरांतून सगळ्यात शेवटी होते. याची मला मनापासून चीड येते.

एक दिवस गाळ्यात वास सुटला. एका पॅलेटच्या पोटात फिनाइलचा फुटका बॉक्स निघाला. भोवतीचे सगळे बॉक्स भिजून लिबलिबीत झालेले, पुठ्ठा हातात येत होता. उतरवताना बॉक्स पडला आणि नव्या पोराने तो गुपचूप मधल्या थरात लावला, हे कळायला वेळ लागला नाही. तो पोरावर ओरडला, "फुटला तेव्हाच सांगितलं असतंस तर चलनावर डॅमेजचा शेरा मारला असता, एवढ्यावर भागलं असतं. लपवलास म्हणून सगळी थप्पी गेली!"

पोरगा मान खाली घालून म्हणाला, "साहेब, घाबरलो."

हे ऐकून त्याला स्वतःलाच पुढे काही बोलता येईना.

त्याच आठवड्यात ठाण्याच्या वंध्यत्व उपचार केंद्रात जायचं ठरलं होतं. तिथे उपचाराआधी दोघांच्याही रक्ताची तपासणी होते: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. कशेळीच्या पुलाआधी त्याने बाइक बाजूला घेतली आणि बायकोला सगळं सांगितलं.

ती रडली नाही. म्हणाली, "चार वर्षं मी उपास केले आणि तुमच्याकडे कागद होता? मूल राहू द्या. मला लागण झाली असती तर?" याला उत्तर नव्हतं. हा आजार रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो. बायकोला लस टोचली की ती सुरक्षित राहते, आणि ही लस काही नवी नाही. 1997पासून ती आपल्या देशात तयार होते आहे.

सुदैवाने तिचा अहवाल निगेटिव्ह आला. डॉक्टरांनी तिची लस सुरू केली: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार झाल्याचं रक्त तपासून कळेपर्यंत निरोध वापरायला सांगितलं. त्याच्या वीर्यात शुक्राणूंची हालचाल कमी निघाली. "या आजारामुळेच ना?" त्याने विचारलं.

"असेलच असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काही अभ्यासांत या विषाणूमुळे शुक्राणूंची हालचाल मंदावलेली दिसली, काहींत नाही. पण पुरुषाला हिपॅटायटिस बी असलेल्या जोडप्यांना टेस्ट ट्यूबने गर्भ राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा फारसं वेगळं नाही, असंच बहुतेक अभ्यास सांगतात. वीर्य धुऊन वापरतो, त्याने विषाणू कमी होतो, पुरता जाईल याची खात्री नाही. म्हणून तिची लस महत्त्वाची. आणि तुमचं यकृत तपासायचं राहिलंय, ते आधी."

विषाणूचं प्रमाण मोजून झालं, गोळ्या सुरू झाल्या. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात, हे त्याला तेव्हा कळलं.

घरी सांगितल्यावर आईने पहिलं काम केलं ते त्याचं ताट-वाटी वेगळं काढण्याचं. सुनेने ते उचलून परत मांडणीत ठेवलं. "आई, जेवणातून नाही लागत हे. वस्तरा आणि दाढीचं ब्लेड तेवढं वेगळं." मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. धाकट्या भावाला काही नव्हतं, त्याला लस दिली. आई पॉझिटिव्ह निघाली.

प्रौढपणी लागण झाली तर बहुतेकांच्या अंगातून हा विषाणू आपोआप निघून जातो. जन्मताना आईकडून बाळाला लागण झाली तर दहातल्या नऊ जणांत तो कायमचा घर करतो. आई सुन्न झाली. "म्हणजे माझ्यापासून?" डॉक्टरांनी तिला समजावलं: तसं असण्याची शक्यता मोठी आहे, पण मुलाच्या जन्मावेळी ही लस सरकारी लसीकरणात नव्हतीच. देशभर सगळ्या बाळांसाठी ती 2011 साली आली. यात दोष कुणाचाच नाही. बाकी ज्या बाईने चार वर्षं सुनेत दोष शोधला, तिला हे ऐकणं किती जड गेलं असेल, ते तीच जाणे. तिच्या यकृताच्या तपासणीला तिला घेऊन गेली ती सूनच.

टेस्ट ट्यूबचा पहिला प्रयत्न फसला. पैसेही गेले आणि घरात आठवडाभर कुणी नीट बोललं नाही. दुसऱ्या वेळी, गोठवून ठेवलेला गर्भ सोडला तेव्हा, दिवस राहिले. मुलगी झाली.

प्रसूतिगृहाच्या दाराशी सिस्टर बातमी द्यायला आल्या. आजीने मुलगा की मुलगी विचारलंच नाही. "चोवीस तासांच्या आत टोचायची ती लस," ती म्हणाली, "ती दिली का?"

"देतेच आता," सिस्टर म्हणाल्या.

"मग द्या. मी इथेच उभी आहे."