नरडाण्याचे आकाश, परग्रहाचे ढग

श्रावणात पावसाने उघडीप दिली, की नरडाण्यात सूर्यास्ताच्या वेळी डोक्यावरचे आकाश पोलरॉइड चष्म्यातून पाहावे. चष्मा हातात धरून फिरवला, तर एका स्थितीत निळाई उजळते आणि पाव फेरा पुढे नेताच काळवंडते. हवेच्या रेणूंवरून काटकोनात विखुरलेल्या प्रकाशाची कंपने बहुतांशी एकाच दिशेत होतात. हाच ध्रुवीकृत प्रकाश. वैशाखात वावरातली धूळ आणि हायवेचा धूर हवेत मिसळला, की फरक फिका पडतो. म्हणजे हवेत काय तरंगते आहे, याचा अंदाज नुसता चष्मा फिरवूनही येतो.

शुक्राच्या ढगांचा उलगडा असाच झाला. फ्रेंच शास्त्रज्ञ बर्नार लिओ यांनी 1920च्या दशकात शुक्रप्रकाशाचे ध्रुवीकरण मोजले. त्या आकड्यांचा अर्थ 1974 साली हॅन्सन आणि होव्हेनिअर यांनी लावला: सुमारे एक मायक्रोमीटर त्रिज्येचे, गंधकाम्लाच्या दाट द्रावणाचे थेंब. (हेच जेम्स हॅन्सन पुढे तापमानवाढीच्या इशाऱ्यामुळे जगाला माहीत झाले.) मोजमाप आणि अर्थ यांत जवळपास अर्धे शतक गेले.

दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या महाग्रहांबाबत मात्र आपल्याला घाई झाली आहे. तारा स्वतः गोल असल्याने त्याच्या सगळ्या बाजूंचे ध्रुवीकरण एकमेकांना जवळजवळ खोडून काढते. उरते ते ग्रहावरून परतलेल्या प्रकाशाचे. ग्रह अर्ध्या चंद्रासारखा दिसतो, तेव्हा ते सर्वाधिक. पण ताऱ्याच्या झगमगाटात मिसळल्यावर ते लाखात काही भागच भरते. ‘एचडी 189733 बी’ हा सव्वादोन दिवसांत ताऱ्याला फेरी मारणारा वायुग्रह. 2008 साली स्वेतलाना बर्द्युगिना आणि सहकाऱ्यांनी अवघ्या 60 सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून त्याचे ध्रुवीकरण सापडल्याचे सांगितले: दहा हजारात दोन भाग. पुढच्याच वर्षी पालोमारच्या पाच मीटर दुर्बिणीला तेवढे काही दिसले नाही. नंतर ऑस्ट्रेलियातून आलेली मोजमापेही फार लहान निघाली आणि ताऱ्याच्या स्वतःच्या चुंबकीय खोड्यांकडे बोट गेले.

या वादाला फजिती म्हणणे मला पटत नाही. ‘सापडले नाही’ हेही मोजमापच आहे: फार मोठा संकेत नसेल, तर तितके परावर्तक ढगही तिथे नाहीत, असे त्यातून ठरते. शिवाय ग्रहाचे म्हणण्याआधी तारा तपासायचा, हा धडा याच भांडणातून मिळाला.

दुसरी वाट भारतीयांनीही चाचपली आहे. बंगळुरूच्या भारतीय तारकाभौतिकी संस्थेतले सुजन सेनगुप्ता यांनी मार्क मार्ली यांच्यासोबत मांडले, की तरुण, स्वतःच तापलेला ग्रह वेगाने फिरून चपटा झाला आणि त्यावर ढग असले, तर त्याच्या स्वतःच्या अवरक्त प्रकाशातही ध्रुवीकरण उरते. 2020 साली ‘लुहमन 16’ या साडेसहा प्रकाशवर्षांवरच्या तपकिरी बटूंच्या जोडीत, ग्रह नसले तरी ग्रहांसारख्याच वातावरणात, गुरूसारख्या ढगांच्या पट्ट्यांचा सुगावा याच पद्धतीने लागला.

जुन्नरजवळच्या गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण 2006पासून आहे, आणि तिच्यावर धूमकेतूंच्या धुळीचे ध्रुवीकरण मोजले गेले आहे. महाग्रहांसाठी लागणारी अचूकता तिच्यावरच्या ध्रुवीकरण मोजणाऱ्या उपकरणात नाही. पण अडचण आरशाच्या आकाराची नाही. ती उपकरणाच्या काटेकोरपणाची आणि वर्षानुवर्षे एकच तारा मोजत बसण्याच्या तयारीची आहे. पावसाळ्याचे चार महिने तर दुर्बीण बंदच असते, तेव्हा या कामाला पाच वर्षांचे अनुदान पुरणार नाही. दहा तरी हवीत.