कवितेवरचं नाव झाकून

बाईची कविता वाचताना मी तिचं आयुष्य शोधते, पुरुषाची वाचताना त्याचा विचार. स्वतः बाई असून ही सवय माझ्यात किती मुरली आहे, हे सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्समधल्या दोन प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या, कवींमुळे लक्षात आलं.

अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट १६३० साली इंग्लंडहून तिथे गेली. आठ मुलांची आई. मेहुण्याने तिच्या कविता तिच्या नकळत लंडनला नेल्या आणि १६५० साली त्या छापून आल्या. तेव्हा प्रस्तावनेत त्याला ग्वाही द्यावी लागली, की हिने घरकाम टाकून नव्हे, झोप मोडून लिहिलं आहे. तुझ्या हाताला सुईच शोभते, असं म्हणणाऱ्यांना तिने कवितेतच उत्तर दिलं. एडवर्ड टेलर हा वेस्टफील्डचा धर्मोपदेशक. मला तुझा चरखा कर, असं तो देवाला विनवतो. बायकांच्या कामाची प्रतिमा त्याने सहज उचलली. त्याबद्दल त्याला कुणी टोकलं असेल, असं वाटत नाही.

दोघांनीही घरातल्या लहानग्यांच्या मृत्यूवर लिहिलं. आजी झालेली ब्रॅडस्ट्रीट रडेल, धर्मोपदेशक टेलर देवाचा न्याय समजावून सांगेल, असं मी आधीच धरून चालले होते. प्रत्यक्षात आजारी लेकराच्या उलट्या, किंकाळ्या, सहा आठवड्यांचा ताप हे सगळं टेलरच्या कवितेत आहे. ब्रॅडस्ट्रीट १६६५ साली दीड वर्षाच्या नातीवर लिहिताना युक्तिवाद मांडते. वाढलेलं झाड कुजतं, पिकलेलं फळ गळतं, हा निसर्ग. पण नुकतं लावलेलं रोप उपटलं जातं, ते केवळ देवाच्या हातून. वरवर पाहता ही शरणागती. पण मृत्यूची जबाबदारी तिने नेमकी कुणाच्या पदरात टाकली आहे!

हा धारदारपणा माझ्या नजरेतून कसा निसटला? मला तिची कणव आली होती आणि तेवढ्यावर मी समाधान मानलं होतं. तिच्या सोसण्याचं कौतुक केलं, बुद्धीला दाद दिली नाही. टेलरमधला कळवळणारा बापही मी धर्मशास्त्राच्या आड जाऊ दिला. म्हणजे अन्याय दोघांवर झाला. तिच्यावर अधिक, कारण विचार करण्याचा हक्क तिला आधीच झगडून मिळवावा लागला होता.

या दोन कविता कवींची नावं झाकून एकदा शेजारी-शेजारी ठेवून वाचा. कुठली बाईची, कुठली पुरुषाची, हे ओळखायची घाई मात्र करू नका.